डेटाचे पुरुमेंत

मृग सरत आला होता. नद्यांच्या पातळीवर डोळा ठेवायचे दिवस नुकते सुरू झाले होते. नेमक्या त्याच वेळी, २१ जून २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर, गोव्याच्या जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेचा सर्व्हर बंद पडला. राज्यातल्या मुख्य नद्यांवर पंधरा ठिकाणी उभारलेल्या केंद्रांकडून येणाऱ्या नोंदी या सर्व्हरवर जमा होत. सकाळी पाहावे तर फायली जागेवर होत्या, पण उघडत नव्हत्या. प्रत्येकीच्या नावामागे ‘ईकिंग’ असे शेपूट लागले होते आणि कुलूप उघडून देण्यासाठी क्रिप्टोकरन्सीत खंडणी मागितली होती. खात्याने सायबर पोलिसांकडे तक्रार केली. सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला, अँटिव्हायरस नाही, फायरवॉल जुनी, अशी त्यावेळी पुढे आलेली कारणे होती. साठलेली माहिती हाती लागत नव्हती, ही त्यातली खरी दुखरी गोष्ट.

ही बातमी पेडणे आणि डिचोलीतल्या माणसाला दूरची वाटायला नको. आदल्याच वर्षी, २३ जुलै २०२१ला, डिचोली, सत्तरी, पेडणे, बार्देश या पट्ट्यात घरेच्या घरे पाण्यात गेली होती. १९८२ नंतरचा सर्वात मोठा पूर, असे मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले. एका वर्षी पाण्याने घरे नेली, दुसऱ्या वर्षी त्याच पाण्याची नोंद ठेवणारी यंत्रणा कुणीतरी कुठूनतरी कुलूप लावून बंद केली. पहिले संकट डोळ्यांना दिसते, दुसरे दिसत नाही. घरून काम करणाऱ्याला दोन्हींचा हिशेब धरावा लागतो.

२०२२च्याच नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर तसाच हल्ला झाला. नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंत सगळे काम बरेच दिवस कागदावर आले. पण तिथे ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा एका वेगळ्या बॅकअप सर्व्हरवर शाबूत होता आणि तो नव्या सर्व्हरवर चढवून कामकाज पूर्ववत झाले, असे सरकारने संसदेत सांगितले. हल्ला दोन्हीकडे झाला. एकीकडे हल्लेखोराच्या हाती न लागलेली प्रत होती.

आता ही गोष्ट घरातल्या खोलीत आणू. मांद्रे-हरमलला होमस्टे चालवणारी कुटुंबे, साखळीत घरून जीएसटीची विवरणपत्रे भरणारे लेखापाल, जमिनीचे एक-चौदाचे उतारे आणि सर्व्हे प्लॅन सांभाळणारे वकील, लग्नांचे फोटोग्राफर, जत्रेची पत्रके आणि शाळांच्या स्मरणिका जुळवणारे डीटीपीवाले, पुण्या-बंगळूरच्या कंपनीचे काम मुळगावातून करणारी मुले: या सगळ्यांचे कार्यालय म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप आणि भिंतीवरचा राउटर. मोठ्या कंपनीत बॅकअप पाहायला माणूस नेमलेला असतो. इथे तो माणूस म्हणजे आपणच, आणि तोही दिवसभराच्या कामाने दमलेला.

म्हणून बॅकअपची सवय एखाद्या जुन्या सवयीला जोडलेली बरी. गोव्यातल्या घरांना ती शिकवावी लागत नाही. मे महिन्यात पुरुमेंत भरले जाते. तांदूळ, मिरची, चिंच, आमसुले, सुके बांगडे, सुंगटे असे सारे पाऊस पडायच्या आत घरात येते, कारण जूनच्या १ तारखेपासून जुलैअखेरपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि रस्त्याचा भरवसा नसतो. पुरुमेंताचे नियम घरातल्या बाईला पाठ असतात. सगळे एकाच बरणीत भरायचे नाही, ओल लागेल तिथे ठेवायचे नाही, आणि मधूनमधून झाकण उघडून पाहायचे. डेटाच्या बाबतीत याच तीन गोष्टी चुकतात.

कशापासून वाचवायचे हे आधी ठरले पाहिजे. या बाबतीत गोव्याच्याच एका माणसाची कहाणी फार बोलकी आहे. १५९५मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यात दफ्तरखाना उभारला. आजच्या पुराभिलेख खात्याचे मूळ तेच. त्याचा पहिला रखवालदार दियोगो दो कोउतो हा इतिहासकार होता. पोर्तुगीजांच्या आशियातल्या कारकिर्दीचा इतिहास तो ‘देकादा’ या नावाने खंडाखंडांनी लिहीत होता आणि लिस्बनला छापायला पाठवत होता. सहाव्या खंडाच्या बहुतेक छापील प्रती छापखान्याच्या आगीत गेल्या. सातव्याचे हस्तलिखित घेऊन निघालेले जहाज इंग्रजांनी पकडले. आठवा आणि नववा खंड तो आजारी असताना त्याच्या घरातून चोरीला गेला. सातवा त्याने पुन्हा लिहून काढला. आठव्या-नवव्याचा आठवेल तसा सारांश म्हातारपणी पुन्हा जुळवला. आग, वाट, चोरी अशा तीन वेगळ्या तऱ्हांनी लिखाण गेले, आणि प्रत्येक वेळी नुकसान मोठे, कारण दुसरी प्रत हाताशी नव्हती.

आजच्या पेडण्यात किंवा डिचोलीत ही यादी थोडी वेगळी होते. पहिले पाणी. दुसरी वीज: वळवाच्या गडगडाटात चढणारा दाब आणि मग तासन्‌तास अंधार. १६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेले तेव्हा झाडे तारांवर पडून कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती, मोबाइलचे मनोरेही मुके झाले होते. तिसरी चोरी, किंवा बसमध्ये विसरलेली पिशवी. चौथे कुलूप लावणारे रॅन्समवेअर. पाचवी मात्र सगळ्यांत नेहमीची, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते: आपली स्वतःची चूक. चुकीचे फोल्डर पुसणे, गेल्या वर्षीच्या बिलावर यंदाचे बिल सेव्ह करणे. महिन्यानंतर लक्षात येते. एकच उपाय या पाचही संकटांना पुरत नाही. टेबलावरच्या हार्ड डिस्कने चुकीपासून रक्षण होते, पुरापासून होत नाही. क्लाउडने पुरापासून होते, पण तौक्तेनंतरच्या चार दिवसांत त्याचा उपयोग नसतो.

काय ठेवायचे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे एक संध्याकाळ मनापासून द्यावी. दक्षिण कोरियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ज्या साठ्यात होती तो ८५८ टेराबाइटचा ‘जी-ड्राइव्ह’ २६ सप्टेंबर २०२५ला देजॉन शहरातल्या डेटा सेंटरच्या आगीत जळून गेला. साठा एवढा अवाढव्य की त्याची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती. घरातही हेच घडते. सगळे मिळून दोन टेराबाइट होतात, तेवढे कुठे कॉपी करत बसणार, म्हणून काहीच कॉपी होत नाही. वर्गवारी केली की बोजा एकदम उतरतो. पुन्हा कधीच मिळणार नाही असे एका बाजूला: ग्राहकांचे फोटो, हिशेबाच्या टॅलीच्या फायली, सही झालेले करार, आपले लिखाण. कष्टाने पुन्हा मिळेल असे दुसऱ्या बाजूला: सरकारी संकेतस्थळावरून काढलेले उतारे, बँकेची विवरणे. बाकी सॉफ्टवेअर, चित्रपट, गाणी यांना रांगेत शेवटी ठेवले तरी चालते. पहिला गट बहुतेक घरांत अपेक्षेपेक्षा बराच लहान निघतो.

किती वर्षे ठेवायचे याचे उत्तर काही कामांत कायद्यानेच दिले आहे. जीएसटीचे हिशेब आणि कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीनंतर ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे सहा वर्षे. साध्या लॅपटॉपचे आयुष्य बहुधा त्याहून कमी असते, हे इथे लक्षात ठेवावे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, आणि ती बॅकअपच्या कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही. गोव्यातल्या मराठी पत्रिका, दशावतारी मंडळांची पत्रके, देवस्थानांचे अहवाल यांतले कितीतरी काम पेजमेकरमध्ये झालेले आहे आणि अक्षरे श्री-लिपीची किंवा सी-डॅकच्या आयएसएमची. ही अक्षरे युनिकोड नाहीत. फाइल जपली पण फाँट जपला नाही, तर पंधरा वर्षांनी ती उघडल्यावर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड ढीग दिसतो. डेटा गेलेला नसतो, पण वाचता येत नाही, म्हणजे गेल्यातच जमा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१मधली आहे आणि नव्या संगणकावर ती बसवणे दरवर्षी अवघड होत चालले आहे. तेव्हा अशा प्रत्येक जुन्या कामाच्या तीन गोष्टी एकाच फोल्डरमध्ये हव्यात: मूळ फाइल, वापरलेले फाँट, आणि फाँट आत बसवून काढलेली पीडीएफ. मजकूर पुन्हा लागणार असेल तर तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून साध्या टेक्स्ट फाइलमध्येही ठेवावा. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार मोडतात, म्हणून एकदा डोळ्यांखालून घालावा. जुना संगणक अजून सुरू होतो आहे, तोवरच हे काम होऊ शकते.

कुठे ठेवायचे यासाठी जगभर एक साधा हिशेब मानला जातो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो आपल्या पुस्तकातून रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. मूळ फाइल धरून तीन. याचा पडताळा मराठीच्या आणि गोव्याच्या इतिहासात आधीच मिळालेला आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये राचोलला छापले गेले आणि त्याच शतकात आणखी दोनदा छापले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र आहे. लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रती गोव्याबाहेर मंगळूरकडे गेल्या, त्यांच्या आधारे १९०७मध्ये तो पुन्हा छापला गेला, आणि देवनागरीतले एक हस्तलिखित तर लंडनच्या ग्रंथालयात सापडले. एका साधनावरच्या सगळ्या प्रती नष्ट झाल्या, दुसऱ्या साधनावरच्या वाचल्या, कारण त्या दुसऱ्या गावी होत्या.

‘घराबाहेर’ म्हणजे कुठे, हे ठरवताना नकाशा पाहावा. तिळारीचे पाणी दोडामार्गातून गोव्यात उतरते ते डिचोली तालुक्यातल्या साळच्या आणि पेडण्यातल्या इब्रामपूर-हसापूरच्या मधून, आणि पुढे शापोरा म्हणून समुद्राला मिळते. ऑगस्ट २०१९मध्ये तिळारीतून पाणी सोडले गेले तेव्हा या नदीकाठच्या गावांना एकदमच फटका बसला. साळच्या माणसाने आपली दुसरी डिस्क इब्रामपूरच्या मामाकडे ठेवली, तर तालुका बदलला, नदी बदलली नाही. तीच गोष्ट साखळीत वाळवंटीच्या काठावर राहून डिस्क पलीकडच्या काठावर ठेवण्याची. घराबाहेरची जागा वेगळ्या नदीच्या खोऱ्यातली, उंचावरची आणि शक्यतो पहिल्या मजल्यावरची असावी.

पेडणे आणि डिचोली दोन्हीकडच्या माणसांची पावले जिथे वळतात ते ठिकाण म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. त्याचा उपयोग करून घेता येतो. सारख्या आकाराच्या दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात, एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘आ’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे. गुरुवारी रात्री ‘अ’वर आठवड्याची प्रत घ्यायची, शुक्रवारी बाजाराला जाताना ती म्हापशातल्या बहिणीकडे द्यायची आणि तिच्याकडची ‘आ’ घेऊन यायची. पुढच्या गुरुवारी ‘आ’वर प्रत. एक डिस्क नेहमी वेगळ्या छपराखाली राहते आणि दुसरी घरात हाताशी असते. बाजाराला दर आठवड्याला जाणे होत नसेल तर पंधरा दिवसांनी. पण ठरलेला वार हवा, कारण ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटले की पावसाळा येऊन जातो.

प्रत घेऊन झाली की डिस्कची वायर काढायची. हा मुद्दा लहान दिसतो, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच. रॅन्समवेअर संगणकाला जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जाते. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही बॅकअप नसून हल्ल्याचे दुसरे गिऱ्हाईक असते. आणि दुर्दैवाने हल्ला झालाच तर पहिले काम इंटरनेट तोडणे, दुसरे १९३० या सायबर मदतवाहिनीवर कळवणे. घाबरून चांगली डिस्क त्याच संगणकाला लावून ‘काही उरले का पाहू’ म्हणणे हा हमखास घात आहे. डिस्क लावायची ती पूर्ण पुसून नव्याने तयार केलेल्या संगणकालाच.

रोजची प्रत मात्र माणसाच्या भरवशावर ठेवू नये. विंडोजमधले फाइल हिस्टरी, मॅकवरचे टाइम मशीन ही साधने फुकट आहेत आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्याही जपतात. त्याखेरीज क्लाउड हवा. इथे एक गैरसमज घरोघरी आहे. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये फोल्डर ‘सिंक’ केले म्हणजे बॅकअप झाला असे वाटते. सिंक आरशासारखे असते: इथे पुसले की तिथेही पुसले जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते आणि मग कायमची जाते. चूक दीड महिन्याने कळली तर आरसा रिकामा. जुन्या आवृत्त्या बराच काळ जपणारी बॅकअप सेवा घेणे परवडत असेल तर ती घ्यावी. नसेल तर महिन्याच्या शेवटी पहिल्या गटाचे एक झिप करून, नावात तारीख घालून, सिंकबाहेरच्या जागी चढवावे. गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप यांतच वाटली जाते, हेही ध्यानात असावे.

पहिल्यांदा क्लाउडवर चढवताना धीर लागतो. वर पाठवायचा वेग सेकंदाला १० मेगाबिट असेल तर १०० जीबीला २२ तासांहून अधिक लागतात. फायबरवर वेग खरोखर १०० मेगाबिट मिळाला तर सव्वादोन तास. म्हणून ही पहिली खेप एप्रिल-मेमध्ये, झाडे तारांवर पडायला लागण्याआधी उरकावी. नंतर रोज फक्त बदललेले तेवढेच जाते.

वीज खात्याची वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणभराच्या खंडातही डिस्कवर लिहिणे अर्धवट राहू शकते आणि मग अख्खी डिस्क वाचेनाशी होते. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लॅपटॉपची बॅटरी ते काम करते. गडगडाट सुरू झाला की प्लग काढावेत, राउटरचाही. डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि पुड्या पावसाळ्यात दोनदा बदलाव्यात. माळ्यावर कौलांखाली किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून नको. पेन ड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला आहे, सांभाळून ठेवायला नाही. एसएसडी वेगवान खरी, पण वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवायला साधी फिरती हार्ड डिस्कच बरी.

डिस्क दुसऱ्याच्या घरी जाते तेव्हा तिच्यावर परक्यांचे पॅन क्रमांक, पासपोर्टच्या प्रती, जमिनीचे कागद असतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी स्पष्ट केली आहेच, पण कायदा नसता तरी ग्राहकाचा विश्वास तोच. डिस्क एन्क्रिप्ट करावी. आणि मग तिची किल्ली, क्लाउडचा पासवर्ड, ओटीपी न येता खाते उघडणारे राखीव कोड हे सारे कागदावर लिहून पाकिटात बंद करून घरातल्या एका विश्वासू माणसाला दाखवून ठेवावे. पुरात फोन गेला तर ओटीपी येणार कुठे? किल्ली हरवलेली एन्क्रिप्ट डिस्क आणि रॅन्समवेअरने लावलेले कुलूप यांत मालकाच्या दृष्टीने काहीच फरक उरत नाही.

शेवटचे काम बहुतेक जण करत नाहीत. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच तजविजी होत्या. ऐन वेळी पाहिले तर त्यांतली एकही धड चालत नव्हती. सहा तास आधी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. बॅकअप ‘यशस्वी’ झाल्याची हिरवी खूण रोज दिसत असली तरी त्यातून फाइल परत निघते का, हे काढून पाहिल्याशिवाय कळत नाही.

महिन्यातून एकदा कुठल्याही पाच फायली डिस्कवरून उघडाव्यात. त्यांत एक टॅलीची, एक मोठा फोटो, एक जुनी मराठी फाइल असावीच. वर्षातून दोनदा पूर्ण तालीम करावी: पुरुमेंत भरायच्या दिवसांत, मेच्या मध्याला, आणि चवथीचा गणपती पोचवून झाल्यावर. दुसऱ्याचा लॅपटॉप मागून घ्यायचा, आपला बाजूला ठेवायचा, आणि डिस्क, पाकिटातला कागद आणि क्लाउड एवढ्यावर कालचे काम पुन्हा उभे करायचे. किती वेळ लागला ते वहीत लिहायचे. कुठला फाँट मिळाला नाही, टॅलीची परवाना किल्ली कुठे अडली, तेही लिहायचे. जी डिस्क वाचताना खटखट आवाज करते किंवा नेहमीपेक्षा फार वेळ घेते, ती त्याच आठवड्यात बदलायची. जुनी भंगारात देण्याआधी पूर्ण पुसायची. पुसली जात नसेल तर खोलून आतली तबकडी स्वतःच्या हातांनी निकामी करायची, कारण तिच्यावरचे कागद अजूनही कुणाच्या तरी जमिनीचे असतात.